तीन डिस्क आणि जिन्यावरचा पाठमोरा माणूस

१८ जून, सोमवार

ईदची कआक बिस्किटं डब्याच्या तळाला गेली आणि लग्नांचे फोन सुरू झाले. वही नवी आहे, तेव्हा सगळं पहिल्यापासून नीट लिहिते. चार दिवसांनी पुन्हा आळस चढेलच.

आज विदादचा फोन आला. कॉम्प्युटरच्या दुकानवाल्या शुक्रीची बहीण ती. तिचं लग्न बारा जुलैला आहे. बायकांच्या सभागृहात ती शेद्दा घालून, म्हणजे ती सोनेरी शंकूटोपी आणि गळ्यापासून कमरेपर्यंत मोत्यांचं ओझं सांभाळत आत येईल, तेव्हा मोठ्या पडद्यावर तिला तिची आई गाताना दिसायला हवी आहे. हाज्जा रबिया जाऊन दोन हिवाळे झाले. नऊ वर्षांपूर्वी भाचीच्या मेंदीला त्या हौफी गायल्या होत्या, आपल्या त्लेमसेनच्या बायका झोपाळ्यावर गातात ती गाणी. तेव्हा मी कॅमेरा नुकताच हातात घेतला होता. ते चित्रण माझ्याकडे आहे आणि जगात फक्त माझ्याकडेच आहे, कारण हाज्जा कुणी फोन समोर धरला की तोंड मिटून घ्यायच्या.

मी विदादला म्हटलं, "काळजीच करू नकोस." आणि फोन ठेवल्यावर आधी डिस्क जागेवर आहे का ते पाहून आले.

कारण ते चित्रण, आणि त्याबरोबर त्लेमसेनमधल्या माझ्या सगळ्या नवऱ्या, एका डिस्कवर आहेत. एकाच. गेल्या उन्हाळ्यात एक छोटी डिस्क अशीच अचानक गेली आणि समोरच्या दारातल्या लाल्ला मलिकाच्या मुलीची अख्खी मेंदी घेऊन गेली. तेव्हापासून लाल्ला मलिका जिन्यात भेटली की म्हणते, "कशी आहेस गं इस्महान? अजून काही हरवलं का?"

डिस्क दुकानात नेऊन तपासून घ्यावी, तर तेही जमत नाही. माझा सगळा धंदा एका शब्दावर चालतो: मी बायकांकडचं टिपते आणि त्यावर पुरुषाची नजर पडत नाही. दारावर माझी मावशी झूलिखा, जिला मी खालती म्हणते, कुसकुसाचं पातेलं घेऊन बसते आणि आत येणारीचा फोन त्यात जमा करते. मग आत बायका केस सोडून मनसोक्त नाचतात, ते माझ्या भरवशावर. आणि दुकानांत पुरुष बसतात.

म्हणजे जे करायचं ते मलाच करावं लागणार.

२० जून, बुधवार

शुक्रीच्या दुकानात गेले. या माणसाला मी इतकी वर्षं ओळखते, पण त्याने माझ्याशी सलग दोन वाक्यं बोलल्याचं आठवत नाही. आज मी अदबीने विचारलं, "सी शुक्री, एक डिस्क मेली तरी काही जाणार नाही असं काही असतं का?" आणि बघतच राहिले. नळ फुटल्यासारखा बोलायला लागला!

तीन डिस्क एकत्र जोडायच्या म्हणे. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. लिनक्स नावाची फुकटची प्रणाली ते काम स्वतःच करते. जगभरच्या लोकांनी मिळून ती लिहिली आहे आणि कुणाच्या मालकीची नाही. मी विचारलं, "मग पैसे कुणाला मिळतात?" तो म्हणाला, "कुणालाच नाही." असं म्हणताना त्याचे कान लाल झाले होते. एखाद्याला नवरीबद्दल बोलतानाही इतकं भरून येत नसेल.

घरी येऊन खालतीला समजावलं. तिला कळेना. शेवटी तिनेच ते मक्रूटवर, आमच्या रव्याच्या मिठाईवर, आणून ठेवलं: "म्हणजे रवा किती ते मला माहीत, साखर किती ते शेजारच्या यमीनाला माहीत, आणि दोन्ही मिळून किती ते खैराला माहीत. आमच्यातली कुणीही एक मेली तरी उरलेल्या दोघी मक्रूट करणारच."

अगदी असंच आहे! शुक्रीने दिलेल्या पुस्तकात दहा पानं खर्च केली आहेत याच्यावर.

शुक्रीने दोन नव्या डिस्क दिल्या आणि बँकेतून काढून टाकलेला एक जुना मोठा कॉम्प्युटर. त्याला पुढून तीन खण आहेत, चालू असताना ओढून काढता येतील असे. "विदादचं काम आहे म्हणून," असं तो तीनदा म्हणाला. मी एकदाच विचारलं होतं.

२४ जून, रविवार

आज हसून हसून पोट दुखलं.

शुक्री शिकवायला आला. पण पडद्यावर काय दिसेल याचा नेम नाही, म्हणून तो आत येणार नाही असं मी आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "अर्थातच, लाल्ला इस्महान," आणि बाहेर जिन्याच्या पायरीवर दाराकडे पाठ करून बसला. दार अर्धं उघडं, मध्ये मण्यांचा पडदा, पडद्याच्या अलीकडे खालती लोकर विणत. मी आतून वाचून दाखवायचं, त्याने बाहेरून सांगायचं.

"आता काय दिसतंय?"

"काळं. आणि एक पांढरी काडी लुकलुकतेय."

"छान!"

"यात छान काय आहे?"

"तिला तुमची आज्ञा हवी आहे."

खालती म्हणाली, "बघ, अशी काडी घरात हवी. या घरात माझी आज्ञा कुणाला नको असते."

वरच्या मजल्यावरचे हाज बशीर भाजी घेऊन आले, तर जिन्यात शुक्री भिंतीकडे बघत ओरडतोय, "आता तिला सांगा, तू एकटी नाहीस!" ते पिशव्या तिथेच ठेवून खाली परत गेले. थोड्या वेळाने दोन माणसांना घेऊन आले. शुक्रीने त्यांना लिनक्स समजावलं. त्यांना कळलं असं वाटत नाही, पण जाताना त्यांनी त्याला पाणी आणून दिलं.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. मी आज काळ्या पडद्यावर स्वतःच्या हाताने अक्षरं उमटवली आणि यंत्राने ऐकलं. माऊस नाही, चित्रं नाहीत, नुसते शब्द. मला इतकं अंगात वारं भरल्यासारखं शेवटचं कधी वाटलं ते आठवत नाही. ओरानच्या त्या मुलाशी ठरलेलं मोडलं तेव्हा वाटलं होतं, पण ते वेगळं.

२६ जून, मंगळवार

हे इतकं हुशारीचं आहे की कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

तीन डिस्क लागतात आणि नव्या आहेत दोन. तिसरी म्हणजे माझी जुनीच, जिच्यावर सगळं आहे. ती रिकामी केल्याशिवाय जोडता येत नाही, आणि जोडणी झाल्याशिवाय तिच्यावरचं ठेवायला जागा नाही. मी डोक्याला हात लावून बसले. जिन्यावरून शुक्री म्हणाला, "तिसरीच्या जागी 'गैरहजर' असा शब्द लिहायचा."

"आणि यंत्र ऐकतं?"

"ऐकतं. दोघींवर काम सुरू करतं. तिसरी आली की सामावून घेतं."

म्हणजे पाहुणी यायच्या आधीच तिची खुर्ची मांडून ठेवायची! मी लिहिलं, यंत्राने ऐकलं. मग सगळं दोघींवर उतरवलं, हाज्जा रबियांचं चित्रण उघडून पाहिलं, आणि मगच जुनी पुसून तिसऱ्या खणात सरकवली. खणांना नावं चिकटवलीत: थोरली, मधली, धाकटी. थोरली म्हणजे अर्थातच जुनी.

ती जोडली जायला बराच वेळ लागला. शेवटी पडद्यावर कंसात तीन इंग्रजी यू उमटले, तिघी शाबूत असल्याची ती खूण. यू यू यू. खालती म्हणाली, "अगं, हे तर लग्नातल्यासारखं यूयू करतंय!" आणि तिने जीभ नाचवून असा काही किलकिलाट केला की तिन्ही मजल्यांवरची दारं उघडली. कुणाचं ठरलं म्हणून लोक विचारायला आले. जिन्यावर पाठ करून बसलेल्या शुक्रीला त्यांनी मुबारक म्हटलं. त्या बावळटाने शुक्रन म्हणून आभार मानले!

जाताना तो म्हणाला, "लाल्ला इस्महान, अजून एक प्रत दुसऱ्या घरात ठेवायला हवी. जोडणी म्हणजे प्रत नव्हे."

मी म्हटलं, "तिघी पहारा देताहेत, अजून काय हवं?"

"तरीही. दुसऱ्या घरात."

फारच घाबरट आहे.

१ जुलै, रविवार

या आठवड्यात शुक्री तीनदा आला. एकदा पंखा आवाज करतो का ऐकायला, एकदा वायर बदलायला, एकदा वायर परत बदलायला. मी खालतीला म्हटलं, माल विकून झाल्यावर इतकी काळजी घेणारा दुकानदार मी पाहिला नाही. खालती विणकामाकडे बघून म्हणाली, "मीही नाही."

त्याच्यासाठी तिने पायरीवर उशी ठेवली आहे, स्वतः भरतकाम केलेली. माझ्या लग्नासाठी म्हणून केली होती ती.

बायकोवाल्या माणसाला एवढा वेळ मिळाला नसता. त्याने लग्न का केलं नाही, कोण जाणे. आज तो मला नुसतं "इस्महान" म्हणाला, अदबीचं लाल्ला गाळून. उकाडा भयंकर आहे, माणूस विसरतो.

मी त्याची एक चूक काढली! त्याने सांगितलेली आज्ञा जुनी होती, मी पुस्तक वाचून नवी शोधली. त्याने मला ती दोनदा वाचायला लावली. मग म्हणाला, "तुम्ही माझ्यापुढे गेलात." दिवसभर हे वाक्य मनात घोळवतेय. किती छान वाक्य आहे.

५ जुलै, गुरुवार



आज स्वातंत्र्यदिनाची सुट्टी, रस्त्यात झेंडे, म्हणून दुपारच्या कॉफीला मी शेजारणींना बोलावलं होतं. मला मिरवायचं होतं, दुसरं काही नाही. मधात बुडवायचे ग्रिवेश तळले, यंत्र दिवाणखान्यात मधोमध आणलं, टीव्हीला जोडलं, आणि एका लग्नातला नाच लावला. सगळ्या बघत असताना मी म्हटलं, "आता नीट पाहा हं," आणि थोरलीचा खण ओढून बाहेर काढला. डिस्क माझ्या हातात आणि पडद्यावर नाच चालूच!

काय जल्लोष झाला! यूयू, टाळ्या. एकीने डिस्कवर अत्तर शिंपडलं. विदादही होती. तिने माझ्या गळ्यात पडून विचारलं, "म्हणजे माझी आई कुठे जाणार नाही ना?" मी म्हटलं, "कुठ्ठेही नाही." थोरली परत खणात सरकवली. आता बाकी दोघी तिला सगळं पुन्हा शिकवत बसणार होत्या. त्याला काही तास लागतात, पण काम आपोआप होतं.

मग मी विदादला सोडायला गेले. शेद्दाचे मोती तिला मला दाखवायचे होते, आम्ही बोलत बोलत थेट तिच्या दारापर्यंत पोचलो. अर्धा तास झाला असेल.

परत आले तर टीव्ही काळा होता. यंत्रावर क्रोशाचं झाकण घातलेलं होतं, आणि त्याच्या शेजारी खालती हाताची घडी घालून बसली होती. समोर लाल्ला मलिका.

"काय झालं?"

"काही नाही," खालती म्हणाली. "यंत्राला झोप लागली."

लाल्ला मलिका म्हणाली, "मी उशिरा आले ना. मी म्हटलं, मी पाहिलं नाही, मी मानणार नाही."

"मग?"

"मग मी दाखवलं," खालती म्हणाली. "माझ्या भाचीच्या कामावर कुणी नाक मुरडलेलं मी ऐकून घ्यायचं का? एक खण ओढला."

"खालती, कुठला? थोरलीचाच ना?"

"छे! तिचा दिवा सारखा लुकलुकत होता, बिचारी कामात होती. तिला कशाला त्रास द्यायचा? मधलीला काही काम दिसलं नाही, म्हणून तिला काढलं."

मी क्रोशाचं झाकण उचललं.

थोरली अजून अर्धवट शिकलेली. मधली बाहेर. धाकटी एकटी. एकीच्या जिवावर काहीच उभं राहत नाही. आणि जुनी प्रत मी स्वतःच्या हाताने पुसली आहे.

लाल्ला मलिका उठली. मला वाटलं आता टोमणा येणार. पण तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कपबशा विसळायला गेली. ते टोमण्यापेक्षाही वाईट वाटलं.

शुक्रीला फोन केला. तो म्हणाला, "कशालाही हात लावू नका. काही लिहू नका. बंदही करू नका. उद्या नमाज झाला की येतो."  मग म्हणाला, "जेवा काहीतरी."

६ जुलै, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर मी फुटेन.

शुक्रवारच्या नमाजानंतर शुक्री आला. सगळं त्लेमसेन कुसकुस खात होतं, आमच्याकडे कुणालाच घास उतरत नव्हता. तो पायरीवर उशीवर बसला, पाठ करून. सांगितलं असं: प्रत्येक डिस्क स्वतःजवळ एक आकडा ठेवते, आजवर आपल्यावर किती वेळा काही घडलं त्याचा. ज्यांचे आकडे जवळपास आहेत त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो. मी मधली परत खणात सरकवून तिचा वाचला, मग धाकटीचा वाचला. सातचा फरक.

"सात फक्त?"

"सात."

"परत वाचा."

मी परत वाचला. तो उठून उभा राहिला. मण्यांचा आवाज आला.

"इस्महान, मी आत येऊन बघू का? एकच नजर. नुसती अक्षरं आहेत."

खालती म्हणाली, "येऊ दे त्याला, बिंती, माझ्या पोरी, त्याच्या आईचं आहे."

मला रडू फुटलं. पण मी म्हटलं, "नको. अक्षरांच्या मागे सगळ्या जणी आहेत. एका माणसाला आज आत घेतलं तर उद्या मी कुठल्या तोंडाने त्यांना केस सोडायला सांगू?"

 मग उशी दबल्याचा आवाज आला. तो परत बसला होता.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "आता एकच मार्ग आहे. थोरलीला बाजूला ठेवायचं, दोघींना जोडायला सांगायचं. आज्ञेत एक शब्द जास्तीचा घालायचा, त्याचा अर्थ 'जबरदस्तीने'. पण..."

"पण काय?"

"पण मला सांगवत नाही. चुकलं तर... मला नाही सांगवत. तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वाचलंय. तुम्ही ठरवा."

काय हा माणूस! दुकानात दिवसभर हेच काम करतो आणि ऐन वेळी हातपाय गाळतो. पण त्याचा आवाज असा झाला होता की मला रागावताही येईना. मी पुस्तक पुन्हा वाचलं. थोरलीचा खण काढला. आज्ञा लिहिली, एकेक अक्षर मोठ्याने उच्चारत, म्हणजे बाहेर त्याला कळावं. मधली, धाकटी, जबरदस्तीने. बिस्मिल्ला म्हणून बटण दाबलं.

दोन यू आणि एक रेघ.

"उभ्या राहिल्या!" मी किंचाळले. "दोघी उभ्या राहिल्या!"

"आत आहे का बघा. ती. आत आहे का."

मी त्या मेंदीचा कप्पा उघडला. घाईत भलतीच फाईल दाबली गेली. हाज्जांची मी जवळून टिपलेली गाणी नव्हेत, कोपऱ्यात तिकाटण्यावर ठेवलेल्या दुसऱ्या कॅमेऱ्याची. ती मी कधी पूर्ण पाहिलीच नव्हती, नुसती गर्दी आहे म्हणून. पण चालू झाली! बायकांचा गलका, बेंदिर डफाची थाप, आणि मग हाज्जा रबिया गायला लागल्या. मी आवाज पूर्ण वाढवला, जिन्यापर्यंत जावा म्हणून. शब्द तर होताच नजरेचा. कानाबद्दल मी कुणाला काही बोलले नव्हते.



गाणं संपलं. पडद्यावर मी दिसले, नऊ वर्षांपूर्वीची, खांद्यावर कॅमेरा, हातात वायर, कुठेतरी धावत निघालेली. आणि हाज्जांचा आवाज, अगदी जवळून: "ही कॅमेऱ्यावाली मुलगी कुणाची गं?"

दुसरी कोणीतरी: "झूलिखाची भाची. हुशार आहे, पण तोंडाने फटकळ."

"मग तर फारच छान," हाज्जा म्हणाल्या. "माझा शुक्री बोलतच नाही. घरात एकाने तरी बोलायला हवं."

बायका खदखदून हसल्या. "उशीर झाला हाज्जा, तिचं ठरलंय, ओरानला."

"ठरलंय ना? झालं नाही ना? थांब म्हणते मी त्याला."

मी घाईघाईने बंद करायला गेले आणि भलतंच बटण दाबलं. तेच वाक्य पुन्हा. थांब म्हणते मी त्याला. कसंबसं एकदाचं बंद केलं. खालती विणकाम तोंडावर धरून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. हसतेय की रडतेय कळेना. मला वाटतं दोन्ही.

मी पडद्याकडे बघितलं, दाराकडे बघायची हिंमत नव्हती. शेवटी बाहेरून तो बोलला. पाठ अजून तिकडेच असणार, आवाज भिंतीवरून येत होता.

"हे ती घरी येऊन मला म्हणाली होती," शुक्री म्हणाला. "शब्दन् शब्द. म्हणजे शब्द माझ्याकडे होते. आवाज मात्र गेला होता माझ्याकडून. किती आठवलं तरी येईना."

मग त्याने नाक शिंकरलं आणि म्हणाला, "एक प्रत दुसऱ्या घरात ठेवायला हवी, मी सांगितलं होतं."

खालतीने यूयू केला. कशासाठी ते तिला विचारलं नाही. समोरून लाल्ला मलिकाने न विचारताच साथ दिली.

१३ जुलै, शुक्रवार

काल विदादचं लग्न झालं. पडद्यावर हाज्जा गायल्या आणि सभागृहात दोनशे बायका एकदम रडल्या, मग एकदम नाचल्या. विदादच्या डोळ्यांतलं काजळ मोत्यांवर उतरलं. मी चित्रण करताना तीनदा ठेचकाळले. पातेलं फोनांनी भरलं होतं आणि खालती त्यावर झाकण ठेवून झाकणावर बसली होती.

लाल्ला मलिकाने माझ्या हातात एक जुना फोन ठेवला. कुणीतरी तिच्या मुलीच्या मेंदीत चोरून काढलेली दोन मिनिटं होती त्यात. म्हणाली, "तुझ्या त्या तिघींकडे ठेव. पण झूलिखाला यंत्राच्या जवळ जाऊ देऊ नकोस."

शुक्रीला मी नुसता आवाज वेगळा काढून दिला, चित्राशिवाय. गाणी सगळी. मधलं बोलणं मी कापणार होते. मग ठेवलं. ते त्याच्या आईचं आहे, मी कोण कापणारी?

१५ जुलै, रविवार

थोरली परत जोडली गेली. तीन यू.

विदाद आणि तिची मावशी आज मिठाईचा मोठा थाळा घेऊन कॉफीला आल्या. शुक्री बाहेर उशीवर. इतक्या नटून कशाला आल्या म्हटलं, तर विदाद म्हणाली, प्रतीबद्दल बोलायला. तिच्या माहेरी एक खोली रिकामी आहे, कोरडी, थंड, कुलूपवाली, आणि शुक्रीने तिथे तीन डिस्कचं दुसरं यंत्र मांडून ठेवलंय, खणांवर अजून नावं घातलेली नाहीत.

मी नीट विचार केला आणि जे खरं ते सगळ्यांसमोर सांगितलं. प्रत दुसऱ्या घरात हवी हे आता मला पटलंय, शपथेवर पटलंय. पण माझा शब्द आहे. या नवऱ्यांवर पुरुषाची नजर पडता कामा नये. त्या घरात पुरुष राहतो. म्हणजे डिस्क तिथे गेल्या तर त्यांच्या राखणीला मलाही तिथे जाऊन राहावं लागेल.

 मग जिन्यावरून आवाज आला, "मी पाठ करून बसेन."

"जन्मभर?" मी ओरडून विचारलं.

"तुम्ही वळ म्हणेपर्यंत."

खालतीने विणकाम खाली ठेवलं आणि तोंड उघडलं. पण या वेळी माझाच यूयू आधी निघाला.